चिलखताला वय देताना

दिवाळी सरते, बांधीतला धान कापून खळ्यावर येतो आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात गावोगावी मंडई भरते, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रंगतो, घराघरात पाहुणे उतरतात आणि रात्री मंडपात नाटक उभं राहतं. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वडसा, हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे आहेत आणि गावांच्या तारखाही तिथेच ठरतात. आज या गावात तर उद्या त्या गावात, असा रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांचा फेरा होळीपर्यंत थांबत नाही. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशेच्या घरात भूमिका ही त्यांची कमाई. झाडीपट्टीत नाटक किती मुरलेलं आहे, ते या आकड्यांवरून कळावं.

आज इथे सामाजिक नाटकांची चलती असली तरी ऐतिहासिक आणि पौराणिक नाटकांची परंपरा जुनी आहे. असा एखादा ऐतिहासिक प्रयोग डोळ्यांपुढे आणा. तीन दिवस किल्ला लढवून सरदार रंगमंचावर येतो. आवाज खर्जातला, डोळ्यांत आग, पायांत थकवा. पण अंगावरचं चिलखत मात्र नव्या स्टीलच्या डब्यासारखं चकाकतंय. त्यावर एक ओरखडा नाही, धूळ नाही, की घामाचा डाग नाही. नटाने तासभर मेहनतीने उभं केलेलं युद्ध त्या चकाकीने एका क्षणात खोटं ठरतं. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण खटकतं एवढं नक्की. समोर बसलेला माणूस शेतकरी आहे. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ वापराने कसा दिसू लागतो, हे त्याच्या हातांना ठाऊक असतं.

म्हणून वेशभूषेसाठी चिलखत करणाऱ्याचं अर्धं काम ते घडवणं आणि उरलेलं अर्धं काम त्याला वय देणं. या दुसऱ्या कामात एअरब्रशसारखा सोबती नाही.

खरं चिलखत का नको

कड्यांत कडी गुंफून केलेलं पूर्ण बाह्यांचं चिलखत दहा किलोच्या आसपास भरतं. ते घालून रात्रभर संवाद म्हणायचे, गाणी गायची आणि पहाटे पुढच्या गावाची गाडी पकडायची, हे माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून जगभरच्या रंगभूमीने हलक्या पर्यायांचा शोध घेतला. जाड लोकर किंवा सुतळी विणून तिच्यावर चंदेरी रंग मारला की थोड्या अंतरावरून ती कड्यांची जाळी वाटते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटमालेसाठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने प्लॅस्टिकच्या नळीचे काप घेऊन कड्या केल्या, त्या हातांनी एकमेकींत गुंफल्या आणि त्यांना धातूचं रूप दिलं.

पत्र्याच्या चिलखतासाठी आज सर्वांत सोयीचा माल म्हणजे ईव्हीए फोम. व्यायामाच्या चटया आणि चपलांचे तळवे ज्याचे होतात, तोच हा स्पंजासारखा पण घट्ट पदार्थ. कटरने कापता येतो, गरम हवा दिली की वाकतो, रबरी चिकट गोंदाने पक्का जोडता येतो आणि पडला तरी फुटत नाही. कागदाचा लगदा आणि पुठ्ठा हे जुने मार्गही अजून चांगले आहेत, फक्त दवाने ते मऊ पडतात. इथे थंडीतल्या रात्री मंडपाबाहेर दव टपटपत असतं, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

रंगाचा डबा उघडण्याआधी हे चिलखत कोणाचं, हा प्रश्न सुटला पाहिजे. मराठ्यांचं सैन्य चपळ होतं आणि साधा मावळा डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात मढलेला नव्हता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढवलं होतं, म्हणजे ते दिसू नये अशीच योजना होती. मोगली सरदाराच्या अंगावर ‘चार आईना’ शोभतो. आईना म्हणजे आरसा. छातीवर, पाठीवर आणि दोन्ही कुशींवर बांधायचे हे चार पत्रे घासूनपुसून आरशासारखे ठेवले जात, म्हणून हे नाव. चांद्याच्या गोंड राजांवर नाटक करायचं असेल तर चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवरची शिल्पं आणि वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिराच्या भिंती आधी पाहून याव्यात. दगडात कोरलेली माणसं शस्त्र कसं धरतात, अंगावर काय बाळगतात, ते तिथे कळतं. कोण, कुठला, किती श्रीमंत आणि किती दिवस लढलेला, एवढं ठरलं की रंगाचा आराखडा निम्मा तयार होतो.

अस्तर

फोम म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं. त्यावर थेट रंग मारला तर तो आत शोषला जातो आणि वर फक्त मळकट करडी छटा राहते. म्हणून आधी गरम हवेच्या बंदुकीने पृष्ठभागावरून भरभर हात फिरवावा. वरची छिद्रं मिटतात आणि फोमला किंचित तुकतुकी येते. मग पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे तीन-चार हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. लवचीक रबरी लेप मिळाला तर तो आणखी चांगला, कारण नट वाकला की फोम वाकतो आणि वरचं अस्तर कडक असेल तर रंगाला भेगा जातात.

या पायरीवर घाई करणाऱ्याला पुढे कुठलाच रंग वाचवू शकत नाही. भिंतीला पुट्टी न लावता रंग काढल्यासारखं ते होतं.

हवा आणि रंग

एअरब्रश हातात धरला तर जाड पेनासारखा वाटतो. आत एक लांब सुई असते आणि तिचं टोक बारीक तोटीत बसलेलं असतं. कंप्रेसरमधून आलेली हवा तोटीभोवतालच्या अरुंद वाटेने वेगाने बाहेर पडते. तिथला दाब कमी होतो, त्यामुळे वाटीतला रंग पुढे ओढला जातो आणि हवेच्या झोताने त्याचे सूक्ष्म थेंब होतात. चांगल्या एअरब्रशला एकाच कळीची दोन कामं असतात. कळ खाली दाबली की हवा सुटते, मागे ओढली की सुई सरकते आणि रंग येतो. हवा आणि रंग वेगवेगळे ताब्यात असल्यामुळे केसासारखी रेघही काढता येते आणि तळहाताएवढा धुक्यासारखा पट्टाही.

हे यंत्र अमेरिकेत १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलं. सुरुवातीचं त्याचं मोठं काम छायाचित्रं सुधारण्याचं होतं. मराठी घरांत त्याची किमया कॅलेंडरमधून पोहोचली. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवतांच्या गालांवर जी मऊ, कुठे सुरू होते ते न कळणारी छाया दिसते, तिच्यामागे एअरब्रशचा हात आहे. गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगावर शेडिंग मारणारे कारागीरही याच तत्त्वावर काम करतात, त्यांची स्प्रे गन फक्त मोठी असते. ज्या गावात मूर्ती रंगवणारा किंवा गाड्या रंगवणारा आहे, तिथे कंप्रेसर आहे आणि झोत ओळखणारा हातही आहे. नाटकवाल्यांनी त्याच्याकडे जावं.

सुरुवातीला तीन गोष्टी सांभाळाव्यात. रंग दुधाइतका पातळ हवा. वाटीच्या कडेला लागून खाली सरकताना त्याने पातळ साय मागे ठेवावी. दाब साधारण १५ ते २५ पीएसआय पुरे, म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेपेक्षाही कमी. अंतर बारीक कामाला दोन-तीन इंच, मोठ्या भागाला सहा इंच. फार जवळ गेलं किंवा रंग फार पातळ झाला तर तो कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो. फार लांबून मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो.

आपल्याकडच्या हवेचेही स्वतंत्र धडे आहेत. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक. मे महिन्यात ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो आणि झोत अडखळतो. अशा वेळी पहाटे काम करावं, रंगात वाळणं मंदावणारं द्रावण घालावं आणि दर काही मिनिटांनी सुईचं टोक ओल्या ब्रशने पुसावं. पण हंगामाची खरी तयारी दिवाळीआधी, म्हणजे भाद्रपद-आश्विनात होते. तेव्हा हवा ओलसर असते. कंप्रेसरमध्ये दाबली गेलेली वाफ पाणी होऊन नळीत साचते आणि भर कामात पाण्याचा थेंब चंदेरी रंगावर थुंकल्यासारखा पडतो. नळीच्या मध्ये पाणी अडवणारी छोटी बाटली बसवली की ही डोकेदुखी जाते.

आणखी एक गोष्ट जिवाची. हवेत उडालेला रंग फुप्फुसात जातो. नाकाला रुमाल बांधून थिनरची वाफ अडत नाही, कोळशाच्या डब्या असलेला मास्कच लागतो. काम उघड्यावर करावं आणि जवळपास चूल, विडी किंवा पेटती काडी नसावी.

आधी काळा, मग लोखंड

धातूचा रंग देताना नवशिका थेट चंदेरी डबा उघडतो. अनुभवी माणूस आधी चकचकीत काळा देतो. धातूच्या रंगात ॲल्युमिनियमच्या चपट्या, अतिबारीक पापुद्र्या असतात. खालचा थर गुळगुळीत आणि काळा असेल तर त्या पापुद्र्या सपाट बसतात, त्यांच्या फटींतून खोल काळोख दिसतो आणि डोळ्याला ते लोखंड वाटतं. पांढऱ्यावर तोच रंग राखाडी कागदासारखा दिसतो.

चंदेरी रंग एका दमात झाकून टाकू नये. पातळ धुक्यासारखे तीन-चार थर वरच्या बाजूने द्यावेत, जणू डोक्यावरच्या सूर्याचा प्रकाश पडतोय. खांद्यावर, छातीच्या उभारावर, शिरस्त्राणाच्या माथ्यावर रंग जास्त बसेल, तर खोबणीत, पट्ट्यांच्या खाली, काखेजवळ काळा राहील. चंदेरीत थोडा निळसर काळा मिसळला की पोलाद दिसतं, थोडा तपकिरी मिसळला की जुनं घडीव लोखंड. एक स्वस्त युक्तीही आहे. वाळलेल्या काळ्या रंगावर शिसपेन्सिलीची पूड बोटाने घासावी. जी मंद, जड झळाळी येते, ती बाजारातल्या अनेक महागड्या रंगांना जमत नाही.

गंज म्हणजे काय

जुनेपण देताना सगळीकडे सारखे तपकिरी डाग मारणं ही सर्वांत मोठी चूक. खरा गंज पसरतो त्याला नियम आहेत. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज होतो. म्हणजे पाणी जिथे थांबतं तिथे तो आधी येतो. रिवेटच्या भोवती, दोन पत्र्यांच्या सांध्यात, कडेच्या वळणात. जिथे हात सतत लागतो, कापड घासतं, तिथे लोखंड उलट उजळ होतं. घरातल्या विळ्याकडे पाहा. पात्याची धार चांदीसारखी, मधला भाग काळपट आणि मुठीत शिरतो तिथे तांबडा. तीन रंग, तीन कारणं.

चिलखतावर हाच नकाशा वाचावा. तलवारीचा पट्टा जिथून जातो तिथे तिरपी उजळ रेघ. ढालीच्या कडांना खाचा, कारण वार तिथे अडतात. खांद्यावरून पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरलेले गंजाचे ओघळ. गुडघ्याखाली चिखल. पितळी नक्षीच्या खोबणीत हिरवट छटा. न कलई केलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आजीला माहीत होतं. तोच कळंक नक्षीत दिसला पाहिजे.

रंगांसाठी दूर जायची गरज नाही. गेरू म्हणजे लोहाचा प्राणवायूशी झालेला संयोग आणि गंज हा त्याचाच पाणी धरून ठेवणारा भाऊ. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात जे हेमॅटाइट आहे, ते रसायन म्हणून गेरूच्याच कुळातलं. चंद्रपूर जिल्ह्यातही लोहखनिज आहे आणि गावांची नावं त्याची साक्ष देतात: लोहारा, लोहारडोंगरी. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांहून जुनी. त्याच महापाषाण काळातल्या माहुरझरीच्या दफनांत घोड्याच्या डोक्यावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले. ज्या भूमीत लोखंड वितळवण्याची आणि घोडा सजवण्याची विद्या इतकी जुनी, तिथल्या रंगभूमीने गंजाचा रंग दुसरीकडून उसना आणू नये. वस्त्रगाळ गेरू, रामरजाचा पिवळा आणि काजळी, एवढ्या तिघांत गंजाच्या सगळ्या छटा निघतात.

चार हातखंडे

पहिला मिठाचा. जिथे गंज हवा तिथे आधी गडद तपकिरी आणि त्यावर नारिंगी तांबडा झोत मारावा. वाळल्यावर पाण्याने किंचित ओलं करून खडे मीठ टाकावं. मीठ चिकटून वाळलं की वरून चंदेरी थर द्यावा. मग ओल्या फडक्याने मीठ पुसलं की चंदेरीला वेडीवाकडी भोकं पडतात आणि खालचा गंज डोकावतो. हाताने इतके अनियमित आकार काढता येत नाहीत, कारण हात नकळत नक्षी करतो.

दुसरा स्पंजाचा. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा तोडून, त्यावर गडद रंग घेऊन, बहुतेक रंग कागदावर टिपून टाकावा आणि उरलेला कडांवर हलके टेकवावा. रंग टवके उडाल्यासारखा दिसतो.

तिसरा धुण्याचा. काळ्या-तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी करून त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकावा. ते सगळीकडे लावून लगेच फडक्याने वरून पुसावं. खोबणीत मळ राहतो आणि उभार मोकळे होतात.

चौथा पुन्हा एअरब्रशचा, धुळीसाठी. मातीच्या रंगाचा पातळ झोत, कमी दाबाने, खालून वर विरत जाणारा. इथली धूळ कुठली ते मात्र ठरवावं. धानाच्या बांधीतला सुकलेला चिखल राखाडी-तपकिरी, मुरमाच्या रस्त्याची धूळ तांबूस. ज्या गडावरून सरदार आला, त्या गडाची माती त्याच्या पायांवर हवी.

शेवटी मंद चमकेचं वॉर्निश सगळ्यावर द्यावं आणि ज्या जागा हाताने उजळलेल्या दाखवायच्या तिथे तेवढंच चकचकीत वॉर्निश. दव, घाम आणि रोजची चढउतार यांना तोंड देणारा हाच थर.

शेवटच्या रांगेचा माणूस

चित्रपटाचा कॅमेरा वीतभर अंतरावर येतो. झाडीपट्टीचा प्रेक्षक दहा मीटरपासून तीस मीटरपर्यंत बसलेला असतो, कधी त्याहूनही मागे. निरोगी डोळ्याची ताकद ठरलेली आहे. दहा मीटरवरून साधारण तीन मिलिमीटरपेक्षा लहान तपशील वेगळा ओळखू येत नाही, तीस मीटरवरून नऊ मिलिमीटरपेक्षा लहान. म्हणून टेबलावर बसून काढलेली केसासारखी सुंदर चीर मंडपात कोणालाच दिसत नाही. रंगमंचावरची चीर बोटभर रुंद हवी, गंजाचा डाग रुपयाच्या नाण्याएवढा आणि छाया-प्रकाशातला फरक जरा अतिच. जवळून ते भडक वाटतं, ते तसंच असू द्यावं. तमाशातल्या किंवा दशावतारातल्या रंगभूषेलाही हाच न्याय लागतो.

दिव्यांचाही विचार हवा. पिवळ्या दिव्याखाली चंदेरी सोनेरीकडे झुकतं आणि गंजाचा तांबडा अधिक उठतो. पांढऱ्या एलईडीखाली तोच गंज फिका पडतो आणि पोलाद निळसर होतं. म्हणून रंगकाम दिवसा उजेडात संपवलं तरी शेवटची पसंती रात्री द्यावी. मंडपात ज्या दिव्यांखाली प्रयोग होणार, तसे दिवे लावून चिलखत एका माणसाच्या अंगावर चढवावं, शेवटच्या रांगेत जाऊन बसावं आणि डोळे किलकिले करून पाहावं. जे तिथून दिसलं तेच खरं काम.

हंगाम संपताना

चिलखत गाडीत कोंबलं जातं, घाईत अंगावर चढतं, लुटुपुटीच्या तलवारींचे घाव झेलतं. फोम दबतो, कड निघते, खांद्याचा रंग खरवडतो. पेटीत थोडा मूळ रंग, स्पंज आणि गोंद ठेवला की दोन प्रयोगांच्या मधल्या दुपारी डागडुजी होते. पण प्रत्येक ओरखडा बुजवायची घाई करू नये. मार्चअखेर पेटी उघडून नीट पाहावं. तुम्ही पट्ट्याची रेघ जिथे रंगवली होती तिथेच पट्टा खरोखर घासला आहे का? तुम्ही ढालीला खाचा दिल्या त्या बाजूलाच खऱ्या खाचा पडल्या आहेत का? जिथे जुळलं तिथे तुमचं निरीक्षण बरोबर होतं. जिथे जुळलं नाही, तिथे पुढच्या वर्षीचा धडा तुमच्यासाठी आयता मांडून ठेवलेला आहे.

जुनेपण हा वस्तूवरचा डाग नाही. ती कोणी धरली, कशी वापरली, कोणत्या पावसात भिजली, याचा तो हिशेब असतो. रंगवणाऱ्याला हा हिशेब आधी मांडावा लागतो. मग धानाची रास मोजून आलेला, दिवसभर विळा चालवलेला माणूस मागच्या रांगेतून त्या सरदाराकडे पाहतो, तेव्हा त्याला त्या लोखंडाची ओळख पटते. आणि लोखंडाची ओळख पटली की सरदाराच्या थकव्यावरही त्याचा विश्वास बसतो.